उन्हाळ्यातील मुंबई: भिंतींवरची चित्रे आणि रस्त्यावरचे संगीत कसे अनुभवावे

मुंबई पाहायची तर डिसेंबर-जानेवारीत यावे, असा सल्ला सर्रास दिला जातो आणि सर्वसाधारण पर्यटकासाठी तो योग्यही आहे. मात्र ज्याला या शहरातील भिंतींवरची चित्रे पाहायची आहेत आणि सभागृहाबाहेरचे संगीत ऐकायचे आहे, त्याने मार्चअखेरपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ केवळ उकाड्याच्या धास्तीने सोडून देऊ नये. पावसाळ्याच्या चार महिन्यांत मुंबईत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्या ओलीने उघड्या भिंतीवरचा रंग फुगतो आणि त्याचे पोपडे निघतात. त्यामुळे मोठी कामे बहुधा पाऊस सरल्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत होतात, आणि त्या हंगामातील चित्रे उन्हाळ्यात पूर्ण झालेली व अजून धड असलेली सापडतात. गुढीपाडवा, आंबेडकर जयंती आणि लग्नसराई हे रस्त्यावर वाजणाऱ्या संगीताचे मोठे प्रसंगही याच काळात येतात. अडचण उरते ती हवेची. तिच्यावर माझ्या मते एकच उपाय चालतो, तो म्हणजे दिवसाचा आराखडा ठिकाणांच्या यादीवरून न करता वाऱ्यावरून करावा.

आधी वारा समजून घ्यावा

एप्रिल-मे महिन्यांत मुंबईचे कमाल तापमान साधारण ३३ ते ३४ अंश सेल्सिअस असते. विदर्भातून येणाऱ्या वाचकाला हा आकडा किरकोळ वाटेल, कारण त्या दिवसांत नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४२ च्या पुढे गेलेला असतो. परंतु शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे. हवेत आधीच साठ-पासष्ट टक्के आर्द्रता असली की घाम वाळत नाही, नुसता ओघळत राहतो, आणि ३४ अंशांची हवा अंगाला चाळिशीपलीकडची वाटू लागते. मे महिन्यात रात्रीचे तापमानही २६-२७ अंशांच्या खाली फारसे उतरत नाही, म्हणजे झोपेतही शरीराला पुरती उसंत मिळत नाही. लागोपाठ दोन-तीन दिवस हिंडायचे असेल, तर पहिल्या दिवशीचा उत्साह आवरता घेतलेला बरा.

आता वाऱ्याविषयी. सकाळी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरून वारा आत येतो. हे खारे वारे साधारणतः दुपारच्या आधी, अकरा-बाराच्या सुमारास किनाऱ्यावर जोर धरतात आणि पाऱ्याला पुढे चढू देत नाहीत. पूर्वेकडून येणारे कोरडे वारे प्रबळ असतील तर खाऱ्या वाऱ्यांना उशीर होतो, आणि अशा दिवशी, विशेषतः मार्च-एप्रिलमध्ये, सांताक्रूझचे तापमान ३८ ते ४० अंशांपर्यंत जाऊ शकते. हवामान विभाग मुंबईसाठी कुलाबा आणि सांताक्रूझ अशा दोन वेधशाळांचे आकडे देतो. कुलाबा समुद्रात शिरलेल्या जमिनीच्या टोकावर असल्याने तेथील कमाल तापमान बहुधा कमी राहते. आदल्या रात्री हे दोन्ही आकडे पाहावेत. उष्णतेचा इशारा असेल तर घाटकोपर-मुलुंडची बाजू त्या दिवसापुरती वगळून वांद्रे किंवा दक्षिण मुंबई निवडावी.

यातून एक गोष्ट निघते, जी नवख्याच्या सहसा लक्षात येत नाही. उन्हाळ्यातील मुंबईत सर्वांत जड जाणारा काळ भर दुपारचा नसून सकाळी नऊ ते बारा हा असतो, कारण तेव्हा ऊन चढलेले असते आणि वारा मात्र पोहोचलेला नसतो. नाश्ता आटोपून दहाच्या ठोक्याला हॉटेलातून बाहेर पडणारा मनुष्य नेमका त्यातच सापडतो. त्याऐवजी सहा ते नऊ हा वेळ भिंतींना द्यावा, साडेचारनंतरचा वेळ संगीताला द्यावा आणि मधला वेळ निःसंकोचपणे छपराखाली काढावा.

सकाळ भिंतींसाठी

मे महिन्यात सूर्योदय सहाच्या पुढे काही मिनिटांनी होतो. कोणती भिंत कोणत्या वेळी पाहावी हे तिच्या दिशेवर ठरते, आणि त्याचे सर्वांत सोपे उदाहरण तुळशी पाईप रोडवर म्हणजे सेनापती बापट मार्गावर मिळते. माहीमपासून दादरकडे येताना पश्चिम रेल्वेच्या रुळांना लागून जी लांब भिंत आहे, तिचे तोंड पश्चिमेला आहे. सकाळी ती स्वतःच्याच सावलीत असते, रंग सपाट आणि खरे दिसतात, आणि पाहणाराही सावलीत चालतो. दुपारी चारनंतर मात्र तिच्यावर थेट ऊन येते. ‘द वॉल प्रोजेक्ट’ या उपक्रमातून ऑगस्ट २००९ मध्ये महापालिकेच्या संमतीने शेकडो लोकांनी ही भिंत रंगवली होती. त्यात व्यावसायिक चित्रकार होते, तसेच ब्रश पहिल्यांदा हाती घेणारेही होते. त्यावेळचे फारसे काही आता शिल्लक नाही. एकावर एक नवे थर चढले, जाहिराती आल्या, घोषणा आल्या. तरीही ही भिंत पाहावी असे मी म्हणेन, कारण मुंबईतील सार्वजनिक भिंतीचे आयुष्य किती असते हे तेथे दिसते. माहीम स्थानकाच्या पूर्वेलाही अलीकडच्या वर्षांत इमारतींवर मोठी चित्रे झाली आहेत, त्यामुळे एकाच फेरीत दोन्ही बाजू होऊ शकतात.

एकच सकाळ हाताशी असेल तर ती वांद्र्याला द्यावी. हिल रोडच्या परिसरातील चॅपल रोड, रनवार हे जुने गावठाण आणि वरोडा रोड या अरुंद गल्ल्यांत एकमजली-दुमजली घरे, बाहेरून चढणारे लाकडी जिने आणि क्रूस यांच्या अधूनमधून चित्रे आहेत. गल्ल्या अरुंद असल्याने साडेआठपर्यंत सावली टिकते. हरियाणातून आलेले चित्रकार रणजित दहिया यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या बॉलिवूड आर्ट प्रोजेक्टची सुरुवातीची कामे याच भागातली. हातांनी रंगवलेल्या सिनेमाच्या फलकांची परंपरा डिजिटल छपाईने संपवली. ती परंपरा मोठी होती, मकबूल फिदा हुसेन यांनीही तरुणपणी मुंबईत असे फलक रंगवले होते. तेच चेहरे दहिया यांनी घरांच्या भिंतींवर आणले. वांद्रे रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएलच्या इमारतीवर त्यांनी २०१४ मध्ये स्टार्ट इंडिया फाउंडेशन या सार्वजनिक कलेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या महोत्सवात दादासाहेब फाळक्यांचे अवाढव्य चित्र केले. ते समोर जाऊन नीट दिसतच नाही. त्याच्यापासून जितके दूर उभे राहावे तितके ते जुळत जाते.

चित्र पाहण्याची थोडी पद्धत ठेवली तर या गल्ल्या पुष्कळ काही सांगतात. आधी रस्त्याच्या पलीकडून संपूर्ण भिंत पाहावी आणि मग हातभर अंतरावर यावे. जवळून पाहिले की स्प्रेची धूसर कड, ब्रशचा फटकारा आणि स्टेन्सिलची कातीव रेघ यांतला फरक कळतो. विजेचा मीटर, सांडपाण्याचा पाईप, बंद खिडकी अशा गोष्टी चित्रकाराने टाळल्या आहेत की चित्रात ओढून घेतल्या आहेत, हे तपासावे. काम कोणी मन लावून केले आणि कोणी उरकले, हे तेथे लगेच उघडे पडते. जमिनीलगतच्या दोन-तीन फुटांकडे अवश्य पाहावे. ओल जमिनीतून वर चढते, म्हणून रंग प्रथम तेथे सुटतो, आणि पोपडा निघालेल्या जागी कधी कधी खाली दडलेल्या जुन्या चित्राचा निळा किंवा पिवळा तुकडा दिसतो. पोपडा नखाने उचकटण्याचा मोह मात्र आवरावा.

चित्रांच्या पत्त्यांची यादी डोळे झाकून खरी मानू नये. वांद्र्यात जुनी घरे पाडून टॉवर उभे राहण्याचा वेग मोठा आहे आणि घर गेले की भिंतही जाते. पंख रंगवलेल्या भिंतीपुढे उभे राहून फोटो काढण्याची जी रीत सर्वत्र बोकाळली आहे, तिच्याविषयी मला विशेष प्रेम नाही. पण ज्याला काढायचा असेल त्याने तो सातच्या आत काढावा, कारण त्यानंतर तेथे रांग आणि रहदारी दोन्ही असतात.

दक्षिणेला ससून डॉक हे ठिकाण वेगळ्या तयारीने जाण्याचे आहे. १८७५ साली बांधलेल्या या गोदीत २०१७ च्या अखेरीस आणि पुन्हा २०२२-२३ मध्ये मोठे कला महोत्सव भरले, आणि त्या निमित्ताने गोदामांच्या भिंतींवर चित्रे झाली. तरी ती गोदी आहे आणि मासळीचा बाजार तेथे पहाटे पाचपासून सुरू असतो, हे विसरू नये. फरशी सदैव ओली असते, म्हणून चपलांऐवजी घट्ट पकड असलेले बूट घालावेत. हातगाड्यांना वाट द्यावी. आणि छायाचित्रणावर निर्बंध असल्याने कॅमेरा काढण्यापूर्वी फाटकावर विचारावे. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. गोदीची गजबज पाहायची असेल तर मे संपण्यापूर्वी जावे. परतताना चर्चगेट स्थानकाच्या इमारतीवरचे, ब्राझीलचे चित्रकार एदुआर्दो कोब्रा यांनी केलेले महात्मा गांधींचे चित्र पाहून घ्यावे. स्थानकाच्या दारात उभे राहून ते पाहू नये. गर्दी ढकलून देते आणि ते योग्यच आहे.

दुपारी छपराखाली

मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या मध्यास सूर्य दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास अगदी डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली क्षणभर नाहीशी होते. शून्य सावलीचा हा दिवस शाळकरी मुलांना घेऊन आवर्जून पाहावा. परंतु भिंतीवरच्या चित्रांसाठी ही वेळ निरुपयोगी आहे, कारण ऊन भिंतीवरून घसरत खाली येते, छज्जांच्या लांब सावल्या चित्राच्या मध्यावर पडतात आणि छायाचित्रात अर्धी भिंत पांढरी, अर्धी काळी उतरते.

या वेळेत पाहण्यासारखे एक चित्र असे आहे की जे वातानुकूलित डब्यातूनच नीट दिसते. घाटकोपर-वर्सोवा मेट्रोतून असल्फा स्थानकाजवळ आले की टेकडीवर एकावर एक रचलेली वस्ती रंगीत भिंतींसह समोर येते. डिसेंबर २०१७ मध्ये ‘चल रंग दे’ या उपक्रमात स्वयंसेवक आणि रहिवासी यांनी मिळून ती घरे रंगवली. पावसाने रंग उतरले आहेत, पण टेकडीचा उतार आणि रंगांची मांडणी एकत्र कळते ती गाडीतूनच. वर चढून जायचे असेल तर संध्याकाळी जावे आणि आपण लोकांच्या दारातून चाललो आहोत याचे भान ठेवावे. दुपारी त्या पायऱ्या चढणे म्हणजे हौसेने आजारपण ओढवून घेणे होय.

ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण धावू लागल्याने दुपारचे स्थलांतर पुष्कळ सुसह्य झाले आहे. वांद्रे-कुर्ला संकुलापासून चर्चगेट किंवा हुतात्मा चौकापर्यंत उन्हात न येता पोहोचता येते, आणि तेथून काळा घोड्याची जहांगीर कलादालन ही इमारत चालण्याच्या अंतरावर आहे. १९५२ पासूनच्या या दालनात प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि बाहेरच्या पदपथावरही चित्रकार आपली कामे मांडून बसतात. रस्त्यावरची चित्रे पाहून आलेल्या डोळ्यांनी आतली चित्रे पाहावीत. तुलना आपोआप होते.

खाण्यापिण्याबद्दल थोडक्यात सांगतो. तहान लागण्याची वाट पाहू नये, दर अर्ध्या तासाने थोडे पाणी घ्यावे, आणि घामातून मीठही जात असल्याने नुसत्या पाण्यावर न राहता ताक, कैरीचे पन्हे किंवा कोकम सरबत घ्यावे. एप्रिल-मेमध्ये रस्त्यावर ताडगोळे मिळतात. ते आपल्यासमोर सोलून घ्यावेत. उघड्या बर्फापासून दूर राहावे. डोके दुखू लागले, मळमळले किंवा घाम येणे थांबले तर कार्यक्रम तिथेच सोडून गारव्याला जावे. बरे वाटेना, तर डॉक्टर गाठावा.

संध्याकाळ संगीतासाठी

मुंबईचे संगीत ऐकायचे म्हणजे तिकीट काढायचे, हा समज अर्धाच खरा आहे. नरिमन पॉइंटचे एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स), चर्नी रोडचे २०१६ मध्ये पुन्हा उघडलेले रॉयल ऑपेरा हाऊस, माटुंग्याजवळचे १९५३ पासून चालत आलेले दादर-माटुंगा कल्चरल सेंटर ही सारी ठिकाणे उत्तम आहेत आणि त्यांचा महिन्याचा कार्यक्रम पाहून एखादी संध्याकाळ अवश्य राखावी. पण उन्हाळ्यात जे रस्त्यावर वाजते ते तिकिटावर मिळत नाही, आणि ते पंचांग पाहून शोधावे लागते.

गुढीपाडव्याला सकाळी गिरगावात फडके गणपती मंदिरापासून निघणाऱ्या शोभायात्रेत ढोल-ताशा पथके असतात. तेथे आठच्या आत पोहोचावे आणि पूर्वेकडच्या इमारतींच्या सावलीची बाजू धरावी. ढोलाचा आवाज अरुंद रस्त्यात दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून परततो, त्यामुळे लहान मुलांच्या कानांत कापूस घालावा आणि पथकाच्या अगदी जवळ न राहता वीस-पंचवीस पावले मागे उभे राहावे. ताशाची तर्री आणि ढोलाचा ठोका वेगवेगळे तेथूनच ऐकू येतात. अकरानंतर गर्दी आणि ऊन दोन्ही असह्य होतात.

आंबेडकर जयंती १४ एप्रिलला असते, परंतु तिचे संगीत १३ तारखेच्या रात्रीपासूनच सुरू होते. दादरची चैत्यभूमी, वरळी आणि नायगावच्या बीडीडी चाळींचा परिसर, चेंबूर या भागांत मांडव पडतात आणि भीमगीतांचे कार्यक्रम होतात. वामनदादा कर्डकांनी लिहिलेली आणि विठ्ठल उमपांसारख्या शाहिरांनी गाजवलेली ही परंपरा ढोलकी, हार्मोनियम आणि कोरसवर उभी आहे. गायक एक ओळ टाकतो आणि श्रोते पुढची ओळ त्याच्या आधी म्हणून मोकळे होतात. हा ऐकणाऱ्यांचा सण आहे, पाहुण्यांसाठी केलेला कार्यक्रम नव्हे, तेव्हा मागच्या बाजूला खाली बसावे. मुंबईच्या रस्त्यावरचे संगीत म्हणून मला एकच रात्र निवडायला सांगितली, तर मी हीच निवडीन.

लग्नसराईचे संगीत ठरवून गाठता येत नाही, पण कोळीवाड्यातून हिंडताना ते हमखास भेटते. वरळी, माहीम, खारदांडा आणि वेसावे येथे एप्रिल-मेमध्ये हळदीच्या रात्री बँजो पार्टी वाजते. हा बँजो म्हणजे कळा दाबून वाजवायचे बुलबुल तरंग, ध्वनिवर्धकाला जोडलेले, आणि त्याच्याबरोबर कच्छी ढोल व ताशा. वांद्र्यात ख्रिस्ती कुटुंबांत उपवासकाळात लग्ने होत नाहीत, ती ईस्टरनंतर सुरू होतात, आणि ईस्ट इंडियन म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठीभाषक ख्रिस्ती घरांतील ‘उंबराचं पाणी’ या लग्नातल्या विधीला ब्रास बँड लागतो. गल्लीच्या तोंडाशी उभे राहून ऐकायला कोणाची हरकत नसते. मांडवात मात्र बोलावल्याशिवाय जाऊ नये; बोलावले तर आढेवेढेही घेऊ नयेत.

ब्रास बँडवरून आठवले, धोबीतलावला एक फेरी मारावी. गोव्यातील गावांनी आपल्या माणसांसाठी चालवलेल्या ‘कुडी’ म्हणजे राहण्याच्या सामायिक खोल्या या भागात होत्या, काही आजही जेर महाल या इमारतीत आहेत, आणि चर्चमध्ये स्वरलिपी शिकून आलेले गोव्याचे वादक येथे उतरूनच ताजमहाल हॉटेलच्या जॅझ वाद्यवृंदांत आणि हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत गेले. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक आंतोनिओ वाझ त्यांतलेच. त्याच इमारतीत फर्टाडोस हे १८६५ पासूनच्या व्यवसायाचे वाद्यांचे दुकान आहे. ३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन असतो, तेव्हा त्या सुमारास शहरातील कार्यक्रम पाहून ठेवावेत.

हाजी अली दर्ग्याच्या अंगणातील कव्वाली संध्याकाळच्या वाऱ्यात ऐकण्यासारखी आहे. तेथे जाणारी वाट भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते, म्हणून वर्तमानपत्रातील भरती-ओहोटीची वेळ पाहूनच निघावे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण मोठे असते. गुरुवारी-शुक्रवारी गर्दी जास्त असते. डोके झाकण्यासाठी रुमाल किंवा ओढणी जवळ ठेवावी.

आणि लोकलमधील भजनी मंडळे. मध्य रेल्वेच्या कर्जत-कसारा मार्गावर आणि पश्चिमेला विरारकडून येणाऱ्या सकाळच्या गाड्यांत ठरलेल्या डब्यात ठरलेली माणसे टाळ आणि ढोलकी घेऊन चढतात, आणि अभंग-गौळणी म्हणत मुंबई गाठतात. ढोलकी नसेल तर डब्याच्या पत्र्यावर ठेका धरला जातो. सहप्रवाशांत याबद्दल दोन मते आहेत आणि रेल्वेनेही वेळोवेळी हरकत घेतली आहे. नवख्याने भर गर्दीत मधल्या स्थानकावर चढण्याचा प्रयत्न करू नये. गाडी जेथून सुटते तेथूनच बसावे, पाठीवरची पिशवी पुढे घ्यावी, चित्रीकरणाआधी नजरेने तरी परवानगी मागावी, आणि मंडळातल्या कोणी टाळ पुढे केले तर ते घ्यावेत.

काही नियम माहीत असावेत. परवानगीशिवाय भिंत रंगवणे हा १९९५ च्या महाराष्ट्र मालमत्ता विरूपण प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, मग चित्र कितीही सुंदर असो. एखाद्या सोसायटीची भिंत मिळाली तर संमती लेखी घ्यावी. ड्रोन आणूच नये. उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद करावे लागतात, फक्त शासनाने ठरवलेल्या मोजक्या दिवशी ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढते. त्यामुळे बाहेरचे संगीत ऐकायचे तर साडेसातपर्यंत पोहोचलेले असावे.

मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे, पण २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला. म्हणून मेच्या शेवटच्या पंधरवड्यात येणाऱ्याने भिंती आधी उरकाव्यात, संगीत नंतर ठेवावे. मांडवावर ताडपत्री चढते, भिंतीवर चढत नाही. छत्रीपेक्षा कॅमेरा आणि मोबाइलसाठी प्लास्टिकची पिशवी अधिक उपयोगी पडते, आणि पहिल्या सरीनंतर गल्लीतल्या फरशा शेवाळाशिवायही निसरड्या होतात, तेव्हा ससून डॉकचे ते बूट शेवटच्या दिवसापर्यंत पायात ठेवावेत.